निष्क्रिय खातं

तार्तूत जानेवारीत चारलाच अंधारतं.
पिरेत दिवा लावते, लिहिते:
'नव्या एजंटला खातं द्या. नाव द्या.
लागतील तेवढेच अधिकार द्या, वर एकही नको.'

जन्मतारखेचा रकाना तिनं कधीच काढून टाकलाय.
आडनावाचाही.
जबाबदार कोण, हा मात्र सक्तीचा.

उदाहरणाला नाव हवं
म्हणून सवयीनं टाकते: हेल्युर.
दोन टेबलं पलीकडे बसायचा,
राईच्या पावाचा चुरा कीबोर्डात सांडायचा.
जुलैत गेला.
खातं मिटवायचं राहूनच गेलं.

आज चाचणीत एजंटनं तिची पुस्तिका वाचली,
शब्दन् शब्द पाळला,
आणि विचारलं:
'हेल्युर. १७४ दिवस हालचाल नाही.
कलम चारप्रमाणे काढून टाकू?'

कलम चार तिचंच.
चोख वाक्य. बोट ठेवायला जागा नाही.

खाली नदी गोठलीय.
बर्फावरून कुणी सायकल ढकलत नेतंय,
चालवत नाही, ढकलतंय.

पिरेत चहा गार होऊ देते.
मग कलम चारखाली लिहिते:

'काढण्याआधी माणसाला विचारा.
उत्तर यायला वेळ लागेल.
तोवर पुन्हा विचारू नका.'