खुंटी

काल ते आले, माझ्या भाच्याला मागायला.
आमच्या पारियामानात मागणी नवऱ्याला येते.
सहा माणसं, एक भाड्याची व्हॅन,
पुढच्या बाईच्या हातात पितळी तबक :
विड्याची पानं, चुना, काताचा खडा, अख्खी सुपारी,
वर जरीचं कापड,
समुद्रावरच्या वाऱ्यात कडेनं उडू बघणारं.

बापाला कोणी विचारत नाही.
तो ओट्यावर कॉफी पीत बसला,
तोही कधीकाळी असाच आणलेला.
बोलायचं मामानं.
म्हणजे मी.

पहिला पाऊण तास आडून आडून.
ते म्हणाले, आमच्या अंगणात वेल आहे, तिला आधार नाही.
मी म्हणालो, आमच्याकडे बांबू आहे, पण अजून ओला आहे.
सगळ्यांना ठाऊक, की बांबू तिकडे बाताममध्ये
जहाजांचे पत्रे जोडतो, नाव अफ्रिझाल, वय एकोणतीस,
आणि वेल सरकारी दवाखान्यात नर्स आहे,
रात्रपाळीची.

मग आकडा.
इंजिनियरला मोटार मिळते, वेल्डरला काय,
यावर माझ्या बहिणीनं आतून दोनदा खोकून घेतलं.
दहा नाणी सोन्याची. बारा. अकरा.
तशी ती आमच्याकडे राहत नाहीत,
सून पहिल्यांदा भेटायला आली की
तिच्याच गळ्यात परत जातात, एखाददोन वाढून.
तरी मोजताना बोट अडखळतं.

मला सात नाण्यांना नेलं होतं.
लवंगेच्या वखारीत मी हिशेब लिहायचो.
व्यापाऱ्यानं पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा
मी नखानं खरवडून काढत होतो,
ते म्हणे युस्निदारनं पाहिलं, आणि घरी जाऊन आईला सांगितलं, हा.
मला हे कळलं एकोणीस वर्षांनी,
ती मासळीचे खवले काढत असताना,
तेही सहज.

चाळीस वर्षं तिच्या घरात.
आमच्यात म्हणतात, जावई म्हणजे बुंध्यावरची राख,
फुंकर आली की गेली.
फुंकर कोणी घातली नाही, खोटं का बोलू.
माशाचं डोकं मलाच वाढायचे.
पण छप्पर तिच्या आईचं, विहीर तिच्या मावशीची,
मुलीसुद्धा तिच्या कुळाच्या,
आणि माझा शर्ट खुर्चीच्या पाठीवर.
चाळीस वर्षं, खुर्चीच्या पाठीवर.
पाहुणे आले की कोणीतरी तो उचलून
कुठेतरी ठेवायचं.

ती गेली.
शंभराव्या दिवसाची प्रार्थना झाली, मी बॅग भरली.
मुली रडल्या. जा असं कोणी म्हणालं नाही.
थांबा म्हणणारं माणूस मातीत होतं.
आता बहिणीच्या घरी असतो, मागच्या खोलीत,
जिथून निघालो होतो तिथेच.

तर अकरावर एकमत झालं, हात तबकाकडे वळले,
आणि मी म्हणालो, अजून एक.
बहिणीचा खोकला थांबला.
त्यांच्या मामानं चष्मा काढला : मोटारसायकल?

खुंटी, मी म्हणालो.
भिंतीत एक खुंटी. त्याच्या एकट्याची.

हसले सगळे.
त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची जुनी म्हण असेल,
उत्तराला म्हण शोधू लागले.
मुलीची आई तेवढी हसली नाही.
डोक्यावरची ओढणी सारखी करत तिनं विचारलं,
किती उंचीवर?

मी उठलो. गुडघा वाजला.
भिंतीपाशी जाऊन हात वर केला,
आणि तिनं नीट पाहून घेतलं.

सुपारी फुटली.

रात्री भाच्याचा फोन. मागे लोखंडावर लोखंड.
मामा, किती ठरलं?

खांद्यापेक्षा वीतभर वर,
मी सांगितलं.