सोय

पहिल्या तासाला आल्वारिस सरांनी हजेरी घेतली
आणि माझं नाव चौथ्यांदा मोडलं.
व चा ब, ज चा ख, आडनावातला ह तर मुकाच –
"बैखयंता उंद्रे?"
पोरं हसली. मी नाही.
रेशनकार्डावर मी कानडीत आहे, एक मात्रा गमावून,
शाळेच्या दाखल्यावर मराठीत,
आधारवर इंग्रजीत, दोन ठिकाणी चुकलेली.
हे मोडणं निदान नियमानं होतं.
त्यांच्या लोकांचीही नावं तशीच मोडत असणार.

पुण्याच्या आत्तेबहिणीनं फोनवर एकदा दुरुस्त केलं होतं,
"आलो काय गं? आले म्हण. तू काय मुलगा आहेस?"
आमच्या कडोलीत आई आलो म्हणते,
शेंगा फोडायला बसलेली शेजारीण जातो म्हणते,
नवी नवरी उंबऱ्यावर, मान खाली घालून, येतो म्हणते.
तेव्हापासून पुण्याशी बोलताना मी क्रियापद गिळते.
गिळतो.
बेंगळूरच्या मुलाखतीत बाई म्हणाल्या,
कानडी येते तुला, पण ही कुठली?

फळ्यावर सरांनी लिहिलं – येगे. मी आलो.
मी हात वर केला, "आणि बाईनं म्हणायचं असेल तर?"
"येगे," सर म्हणाले. "बाई, बुवा, कुणीही."
खडू हातातच होता त्यांच्या, पुढं जायची घाई होती.
मी मात्र त्या ओळीवरच बसून राहिलो, बराच वेळ,
पाय पोटाशी घेऊन बसावं तसं.

मग आवडणं आलं.
सर म्हणाले, इंग्रजी विसरा. इथं मी कॉफीला आवडत नाही,
कॉफी मला आवडते. मे गुस्ता.
मागच्या बाकावरनं कुणी तरी म्हणालं, हे तर आपलंच आहे.
शेजारी शैलश्री हुक्केरी हळूच पुटपुटली,
"ननग सेरतैति."
सेरतैति म्हणजे आवडतं.
आणि मिसळतं, जाऊन मिळतं, तेही.
एवढी वर्षं बाजारात, बसमध्ये, भांडणात ऐकलेला शब्द
मला तिसऱ्या भाषेच्या तासाला ऐकू आला.

दोन नोव्हेंबरला वर्गात आम्ही आठच जण.
शैलश्रीच्या गालावर कालचा लाल-पिवळा रंग,
कानाजवळ न निघालेला.
माझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात बाबांची काळी फीत,
सायकल फेरीहून परत येताना त्यांनी माझ्याकडं दिलेली.
दोघींनाही दोन्ही माहीत.
सर म्हणाले, जोडीनं विचारा – तू कुठली?
ती विचारायची थांबली. मी सांगायची थांबले.
शेवटी पुस्तकातलंच वाक्य उचलून ती म्हणाली,
दे दोन्दे एरेस?
सोय दे कडोली, मी म्हणालो.
पुस्तकात रिकामी जागा एकाच शब्दाची होती.
राज्य लिहा, जिल्हा लिहा, असं काही नव्हतं.
"कडोली कुठं आहे?" तिनं विचारलं,
खरं तर तिला माहीत होतं, तिच्या मावशीचं लग्न तिथलं.
मी म्हटलं, सेर्का. जवळ.
कशाच्या जवळ, ते दोघींनीही सोडून दिलं.

रात्री उद्यमबागेतनं बाबा आले,
भुवयांत फाउंड्रीची काळी भुकटी.
"काय शिकलीस?"
"सोय."
"कसली सोय?"
"सोय म्हणजे मी आहे. सोय दे म्हणजे मी अमुक गावची."
पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून
त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, दोनदा.
मग मोठ्यानं, "सोय दे उद्यमबाग."
"तसं नाही हो, जिथले आपण, ते गाव."
"तेच की. बारा तास तितंच असतोय मी."
मी हसून म्हणाले, ते असणं वेगळं,
त्याला दुसरं क्रियापद आहे,
ते पुढच्या आठवड्यात.
"बरं," म्हणाले, "मग सांग."
आणि तोंड धुवायला मोरीकडं गेले,
सोय, सोय, करत.