पाच गुणांचा प्रश्न

ऐरोलीतल्या वर्गात फळ्यावर लिहिलं:
नातेवाईक म्हणाले, आजार लपवा,
तर परिचारिकेने काय करावे? गुण पाच.

पस्तीस माना खाली.
उत्तरं माझ्याच नोट्समधली, स्वल्पविरामांसकट:
स्वायत्तता, सत्य, रुग्णाचे हित.

भोये सुगंधा, जव्हारची, पेनाचं टोपण चावत बसलेली.
तिची ड्यूटी नऊ नंबरला.
पार्वताबाय मढवी, इथल्याच दिवा कोळीवाड्यातल्या.
मुलाने जिन्यात हात जोडले होते:
सिस्टर, आईला कळू देऊ नका.

तिने शेवटी लिहिलं, ओळी सोडून, तिरपं:
मी त्यांची नखं कापत होते.
त्या म्हणाल्या, पोरी, मना ठाव हाय काय झायलंय.
पन माझे पोराला सांगू नको, तो जेवनार नाय.
मॅडम, आता कोणापासून काय लपवायचं?
डाव्या हाताची नखं राहिली होती.
ती कापली.

रात्री लाल पेन उघडं ठेवून बसले.
आदर्श उत्तरात नखं कुठेच नाहीत.

उद्या हा पेपर वर्गात वाचून दाखवावा, म्हटलं.
मग लक्षात आलं,
मलाही आता
कुणाला सांगता येणार नाही.