मोरचूद

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी पाण्याचे नमुने तपासले.
कुठल्या नळीत कुठला रंग उतरेल
हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.
म्हणून, कंपनी बंद झाल्यावर हिशेब घ्यायला गेलो
आणि गेस्ट हाऊसमागे, मोडक्या कूलिंग टॉवरपाशी
तो पाम दिसला, त्याचे लोंबते घोस
मोरचुदासारखे निळे,
तेव्हा मनात आधी आलं ते सांडपाणी.

काथोड मढवी, तिथला माळी, हसला.
‘इखार नाय साहेब. रुद्राक्षाचा फल बगलाव कदी?
त्यो पन निलाच.’
झाड कुणाचं, त्याला ठाऊक नव्हतं.
कुणी पाहुण्याने कुठल्याशा बेटावरून
साबणाच्या डबीत बी आणलं होतं, एवढंच.
शेजारी त्याच जातीचं दुसरं उभं होतं.
त्याला फळ धरत नसे.
त्याच्याकडे मी नीट पाहिलंही नाही.

जेवणाच्या डब्यात बावीस फळं मावली.
घरी एक खलबत्त्यात कुटलं.
पाण्यात निळं उतरलं नाही. स्पिरिटमध्ये नाही.
व्हिनेगरमध्ये नाही, चुन्याच्या निवळीत नाही.
तळाशी मळकट चोथा,
आणि बोटं स्वच्छ.
इतका धडधडीत दिसणारा रंग,
आणि तो कशातच नव्हता.

उरलेल्या एकवीस बिया
ओल्या काथ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रीजच्या डोक्यावर.
तिथे ऊब असते.
शैलजा म्हणायची, नारळ ठेवून पूजा तरी करा.
आठ महिने काही नाही.
नवव्यात एक कोंब, दुधाच्या दातासारखा,
मग आणखी सहा.
दोन गोगलगायींनी खाल्ले, दोन माझ्या कौतुकाने कुजले.
एक ऐरोलीत, सोसायटीच्या कोपऱ्यात लावला.
सेक्रेटरी म्हणाले, फरशी उचकटेल.
दोन काथोडने घणसोलीला नेले,
एकच जगला म्हणाला, पन बोरीसारका चिवट हाय.

कंपनीच्या जागी आता बिनखिडक्यांची इमारत आहे.
आत म्हणे साऱ्या जगाचे फोटो साठवतात.
त्या दोन झाडांचा एकही नसावा.
जेसीबी बुधवारी आला होता.
मला शुक्रवारी कळलं.

बाराव्या वर्षी माझ्या झाडाला तुरा आला.
गव्हाच्या पिठाचा वास, आणि खाली उभ्या स्कूटरींवर
पिवळट पावडर. सेक्रेटरींची नोटीस.
फळ धरेना.
मग पुस्तकं उघडली, भिंग काढलं.
नर होता तो.
बारा वर्षं मी ज्याच्याशी बोललो ते
त्या शेजारच्या झाडासारखं निघालं.

त्याच उन्हाळ्यात काथोडच्या मुलीचा, सुगंधाचा फोन.
‘काका, मोत्यांसारके दाने धरतान नि गलतान.
बाबा आस्ता तं कायतरी केला आस्ता.’

पहाटे, वारा सुटायच्या आत,
शैलजाचा जुना एक्स-रे तुऱ्याखाली धरला
आणि काठीने हलकेच झटकलं.
तिच्या बरगड्यांवर पराग जमला.
विम्याच्या पाकिटात भरून
घणसोलीच्या बसमध्ये शर्टाच्या खिशात घेऊन बसलो,
खोकायलाही भीत.
सुगंधाच्या मुलीचा चित्रकलेचा ब्रश होता.
शिडीवर तीच चढली. मी खालून नुसता
‘अजून, अजून जरा डावीकडे.’

सात महिने मी तिकडे फिरकलो नाही.
उगीच नजर लागेल, असं
केमिस्ट्रीत शिकलेल्या माणसानेही म्हणू नये,
पण फिरकलो नाही.

मग काल गेलो.
काथोडची बायको ओट्यावर परात घेऊन बसली होती.
ऊन कलतं होतं. परातीत
मोरचूद.
तिने बावीस मोजून माझ्या डब्यात घातली,
एकवीस एका बाजूला,
आणि एक वेगळं, पानात गुंडाळून.
‘ह्यो कुटाला,’ म्हणाली.
‘त्यानी सांगला व्हता मना,
साहेब आदी येक कुटून बगतान.’