पानाला साडेतीनशे

दांडिया बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
मी मोडी वाचते.
पाटी लहान आहे. दर पाटीवर नाही,
तो विचारल्यावर सांगते, आणि सांगून झालं
की भिंग पुसायला घेते,
म्हणजे समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

कीर्तिभाई अमीन म्हणाले, "कुमुदबेन,
कारेलीबागमां एक छोकरो छे, साठ रुपियामां करे छे.
फोटो मोकलो, सांजे टाइप थईने आवी जाय."
येतं ना. पाहिलंय मी.
शुद्धलेखन चांगलं आहे पोराचं.

मोडीला शुद्धलेखन नसतं, कीर्तिभाई.
ऱ्हस्व-दीर्घाचा तिथे एकच संसार.
आधी ओळभर रेघ ओढायची, मग अक्षरं
तिला अडकवत जायचं, दोरीवर धुणं घालावं तसं.
शब्द कुठे संपला ते कारकुनाला माहीत,
आणि कारकून त्या दिवशी उपाशी होता
की जेवून सुस्तावलेला
ते त्याच्या वेलांटीला.

"ओछुं करो ने कांईक."

कशातून करू?
कोठीतल्या दफ्तरात तीन खेपा घालते, त्यातली एक?
की सासऱ्यांनी बारा वर्षं
रोज रात्री एक हिशेबी पान समोर टाकलं,
वाच, चुकलीस की पुन्हा पहिल्या ओळीपासून,
त्यातलं एखादं वर्ष?

वकिलांचा आग्रह होता म्हणून त्यांनी काम दिलं.
चार पानं. निम्मे पैसे आधी.

मौजे धनसरी. फोटोत आकडा स्वच्छ होता:
बिघे सात, पुढे उभ्या तीन रेघा.
पावणेआठ.
मी कोठीत जाऊन पान मागवलं,
खिडकीकडे धरलं.
दोन रेघा काळ्याच राहिल्या.
तिसरीतून ऊन आलं.

कसर.
भोकातून खालच्या पानावरची शाई
रेघ होऊन वर डोकावत होती.
साठ रुपयांत हे दिसत नाही,
त्यात पोराची चूक नाही,
फोटो उजेडावर धरता येत नाही.

मी लिहिलं: साडेसात.
खाली टीप: तिसरी रेघ नव्हे, छिद्र. मूळ पान पाहिले.

कीर्तिभाईंनी टीप दोनदा वाचून घेतली.
"साठमां पोणा आठ,
ने साडा त्रणसोमां साडा सात?"
हो.
"वधारे पैसा आपीने पा वीघुं ओछुं?"
हो.

खाली झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं.
त्यांनी उरलेले सातशे मोजून टेबलावर ठेवले.
कागद उचलले नाहीत.
ते अजून माझ्या कपाटात आहेत,
डांबराच्या गोळ्यांच्या वासात.
कोर्टात काय दाखल झालं मला ठाऊक नाही.

त्या वर्षी काम रोडावलं.
एका दुपारी पाटीवर अडीचशे लिहायला
खडूही घेतला होता हातात.
मग जिन्यात मुंग्या लागल्या होत्या,
त्यांच्या वाटेवर ओढून टाकला.

उत्तरायणानंतरच्या आठवड्यात,
समोरच्या तारांवर फाटके पतंग फडफडत असताना
पाद्र्याच्या हेमांगी शिर्के जिना चढून आल्या,
काखेत गाठोडं.
"अमीनांनी पाठवलं," म्हणाल्या.
"मी काही पुन्हा जायचा नाही, म्हणाले,
ती बाई असेल तेवढंच वाचते.
पण तुम्हाला भावाशी भांडायचं नाहीये ना,
नुसतं काय ते कळून घ्यायचंय,
तर तुम्ही जा."

दर विचारला. सांगितला.
भिंग पुसायला घेतलं.
स्वच्छच होतं ते. तरी पुसत राहिले
एक कड, दुसरी कड,
तोवर समोर
गाठ सुटल्याचा आवाज आला.