पोटाखालची ओल

नवतप्याचा चौथा दिवस.
उपकेंद्राच्या भिंतीवरचा पारा सत्तेचाळीसला टेकून
पुढं काय करावं या विचारात.
अडीचला निघाले टेंभीपोडाला, पायी.
पिशवीत ओआरएसची पाकिटं, बाळ तोलायचा झोळीकाटा,
कमरेला सासूनं खोचलेला कांदा.
कांद्यानं ऊन अडत नाही, हे प्रशिक्षणात सांगून झालं आहे.
तरी असतो.

रस्ता रुंद झाला तेव्हा कडुनिंब गेले.
आता खांब आहेत.
खांबाची सावली वीतभर, धुऱ्यावरून वावरात आडवी पडलेली,
आणि त्या वीतभर पट्ट्यात बरोबर मावून
एक चंडोल उभा.
चोच उघडी. पंख अंगापासून थोडे सुटे,
माझा बाप बंडी चिमटीत धरून
छातीपासून दूर करायचा, तसे.
सावली बोटभर सरकली की तोही बोटभर.
मी थांबले, त्यानं पाहिलं, उडाला नाही.
उडणं आज कुणाला परवडतं!

पाखरांना घाम नाही.
ती गळ्यानं निवतात.
सागाच्या वाळल्या पानांत रातवा बसलेला,
पान कुठलं, पाखरू कुठलं, कळू नये असा;
फक्त गळा हलत होता, भराभर,
कापड न घालता शिलाई मशीन चालवावी तसा.

पुढं गिट्टीचा ढीग. तिथं टिटवी.
चार अंडी, गिट्टीत गिट्टीच्याच रंगाची.
मी ढिगाच्या कडेला हात टेकला आणि झटक्यात काढला.
मला वाटायचं, आई अंड्यावर बसते ती ऊब द्यायला.
इथं ऊब तर आख्खं आभाळ देतं आहे, फुकट.
ती उठली. नळयोजनेच्या गळक्या व्हॉल्व्हपाशी,
ताटाएवढ्या डबक्यात पोट टेकवलं,
डावीउजवीकडं हलून नीट भिजवलं,
आणि ठिबकत, लगबगीनं, परत.
तोवर नर अंड्यांवर नुसता उभा, छत्रीसारखा.
मोबाईलवर पाहिलं: अकरा मिनिटांनी ती पुन्हा उठली.
उबवणं हा शब्द नवतप्यात चालत नाही.
निववणं म्हणावं.

पोडावर लेतूबाई टेकामची सून, नऊ दिवसांची बाळंतीण.
घरकुलाची टिनं तडतडत होती; ती तिथं नव्हतीच.
जुन्या कुडाच्या खोपटात, सारवलेल्या भुईवर,
दाराला ओलं लुगडं टांगून
दाराकडं पाठ करून बसलेली,
झळ आली तर आधी तिला लागावी अशी.
बाळ पुढ्यात, झोपलेलं.
"कोणी सांगितलं असं बसाले?"
"कोण सांगन बाई? तपते, त करा लागते."
तक्त्यात रकाना आहे: सल्ला दिला, होय किंवा नाही.
पेन धरून मी बराच वेळ बसले.
मग फक्त वजन लिहिलं. दोन किलो सातशे.

परतताना व्हॉल्व्हपाशी पंचायतीचा तुळशीराम, हातात पाना.
"ताई, तुमचीच तक्रार न चैतातली? आज लागला मुहूर्त."
माझीच.
इथं गळतं ते पोडावर पोचत नाही,
बाया दोन टेकाडं उतरून हंडे भरतात,
हे मीच लिहिलं होतं, सहीनिशी.
खरं होतं. अजूनही आहे.
त्याला एक पाकीट कालवून दिलं. तो उभ्यानं प्याला.
"टिटवीच्या अंड्याले किती दिवस लागतात गा?"
"कोणाले मालूम," म्हणाला,
आणि ढिगाकडं एकदा पाहून
व्हॉल्व्ह आवळला. पूर्ण आवळला.
काम चोख आहे त्याचं.

डबकं कडेनं पांढरं पडायला लागलं.
माझ्या बाटलीत अर्धं होतं, ते ओतलं.
रजिस्टरात लिहिलं:
टेंभीपोड, पुन्हा भेट, उद्या.
कारण: बाळाचं वजन.
सोबत: पाण्याच्या बाटल्या, दोन.