नाकासमोर न चालणारा किरण

लापेनरान्ता, जानेवारी. तळं गोठलेलं,
नऊ वाजले तरी उजाडायची टाळाटाळ.
प्रयोगशाळेत मी पट्ट्या पुसते आहे स्पिरिटनं:
एक तांब्याची, एक ॲल्युमिनियमची.
दोघींचं मूळचंच पटत नाही.
एक पाणी पाणी होते, तेव्हा दुसरी अजून विचारात,
आणि फार मिसळल्या एकमेकींत
तर सांधा काचेचा; टिचकी मारा, तडा.

आधी किरण सरळ सोडला,
नाकासमोर चालणारा, गुणी.
रेघ सुरेख आली. वरून.
कापून, घासून, आम्लात बुडवून
भिंगाखाली धरली तर आत बुडबुडेच बुडबुडे,
वर येता येता गोठलेले.
आणि जिथे फट होती, केसाएवढी,
तिथून तो तसाच निघून गेला,
दोघींपैकी कुणालाच न भेटता.

मग आरसे हलवले.
सेकंदाला दोनशे वर्तुळं, पाऊण मिलिमीटरची.
पाटीवर एकच अक्षर गिरवावं तसा
पुढे जाऊन मागे, पुन्हा पुढे,
स्वतःच्याच ओल्या वाटेवर परत येत,
ढवळत, फटीच्या कडा ओढून घेत,
अडकल्या वाफेला दार जरा उघडं धरत.

शनिवारी नमुना खिशात टाकला, ओस्मोकडे गेले.
बर्फफोड्या जहाजांच्या पोटात उताणं पडून
एकतीस वर्षं जोडकाम केलं त्यानं.
पहिला डाग द्यायला मला त्यानंच शिकवलं:
"मनगट चंद्रकोरीत फिरव, वुओक्को.
घाई केलीस की लोखंड डूख धरतं."
आता त्याचं तेच मनगट ऐकत नाही.
कप तो अर्धाच भरतो.

चष्मा कपाळावर सारून
त्यानं नमुना नाकाशी धरला.
खवले मोजले नखानं.
"कुणाचा हात हा?"
यंत्राचा, म्हटलं. मुद्दाम थरथरायला लावलंय.
"किती?"
सेकंदाला दोनशे.
"मी पाचावर आहे. डॉक्टरनं मोजलंय,"
म्हणाला, आणि इतका हसला
की अर्ध्या कपातलीही बशीत सांडली.
फडकं मी उचलणार होते.
त्यानं आधीच बाहीनं पुसली.

मग, खिडकीकडे बघत:
"आणि थांबतो कसा तो, शेवटाला?"
एकदम नाही थांबवत, मी सांगितलं.
एकदम तोडला तर खड्डा पडतो,
खड्ड्यातून तडा निघतो.
ताकद उतरवत न्यायची हळूहळू,
फिरणं चालू ठेवून.
"हां," तो म्हणाला. "हातानंही तसंच करायचो."

नमुना त्यानं खिडकीच्या फळीवर ठेवला,
माशांच्या गळांच्या डबीशेजारी,
आणि मी तो परत मागितला नाही.
सोमवारी वहीत लिहिलं:
सत्तेचाळीस क्रमांक, गहाळ.